हिच्या पापण्यांचं ऑपरेशन : घरच्या बाजूच्या नोंदी

मी विजेच्या सबस्टेशनवर नोकरी केली. तिथे तासातासाला लॉगशीट भरावी लागे. रिटायर झालो तरी ती खोड गेलेली नाही. हिच्या पापण्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा वही घातली, तीच थोडी नीट करून इथे देतोय. ऑपरेशन कसं करतात ते यात नाही. पेशंट घरी आल्यावर घरातल्यांनी काय बघायचं, काय फसतं आणि पैसे कुठे जातात, एवढंच आहे. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नको.

२४ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

हिचं वय ६१. बीपीची गोळी चालू, शुगर नाही. वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन केसांवर टेकलेली, खाली पिशव्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून भेटेल तो "बाई, बरं नाही का तुम्हाला?" विचारायचा आणि ही वैतागायची. फेब्रुवारीत भाचीचं लग्न, त्याआधी उरकायचं. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की कार्याच्या आधी दोन महिने तरी मोकळे ठेवा, आदल्या महिन्यात घाईने करायचं हे काम नाही.

नाशकातच केलं. डॉक्टर डोळ्यांच्याच, पण पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं वेगळं शिक्षण घेतलेल्या. त्यांनी आधी पापणी उचलणारा स्नायूच ढिला आहे की नुसती कातडी लोंबते, हे तपासलं. स्नायू ढिला असेल तर कातडी कापून उपयोग नसतो, ते ऑपरेशनच वेगळं. मग खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी १० मिलिमीटरपर्यंत भिजली तर डोळ्यात पाणी पुरेसं. हिची उजवीकडे ९, डावीकडे ७. म्हणजे डोळे मुळात कोरडेच. त्यामुळे कातडी हात राखून काढायची आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब आजपासूनच चालू करायचे, असं ठरलं. पापणीच्या केसांपासून भुवईपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी राहिलीच पाहिजे, नाहीतर डोळा मिटत नाही. "एखादी सुरकुती राहिली तर चालेल, उघडा राहिलेला डोळा चालणार नाही," हे त्यांचं वाक्य मी तिथेच लिहून घेतलं.

मेडिक्लेमचं आधीच सांगून टाकतो, कारण सगळे तेच विचारतात. दिसणं सुधारण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यांच्यानंतरची दुरुस्ती किंवा वैद्यकीय गरज असेल तरच बसते. लोंबणाऱ्या कातडीने वरची नजर अडते का, हे बघायला दृष्टिक्षेत्राची तपासणी असते. हिची केली. नजर फारशी अडत नव्हती, म्हणजे खर्च खिशातून. वर जीएसटी, तेव्हा (२०२४ मध्ये) १८ टक्के. उपचाराला जीएसटी नसतो, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला असतो. कोटेशन घेताना जीएसटी धरून विचारा, बिलाच्या खिडकीवर नको.

४ नोव्हेंबर, सोमवार

तारीख ७ नोव्हेंबर मिळाली होती. ती आज रद्द झाली.

चालू औषधांची यादी द्यायची होती. हिने बीपीची गोळी लिहिली आणि फॉर्म परत केला. कंपाउंडर मुलगी हुशार. तिने विचारलं, "काकू, गुडघ्यासाठी काही? केसांसाठी? आयुर्वेदिक?" मग एकेक बाहेर निघालं: लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक. "ती काय औषधं आहेत का?" हे हिचं म्हणणं. तिन्हींनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि पापणीची कातडी इतकी पातळ की थोडं रक्तही आत पसरतं. दोन आठवडे हे सगळं बंद, नवी तारीख २१ नोव्हेंबर. लग्नाच्या हिशेबात ठेवलेल्या वेळातले दोन आठवडे इथेच गेले.

त्यामुळे यादी करत बसू नका. औषधांचा खण आहे तसा पिशवीत ओता आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मात्र कुणाला हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांना विचारूनच. आमच्या ओळखीत एकांनी मोतीबिंदूच्या वेळी अशी गोळी स्वतःच्या अकलेने थांबवली होती आणि पुढचे चार दिवस हृदयाच्या दवाखान्यात काढले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या विधानसभेचं मतदान, परवा ऑपरेशन. आज घराची तयारी.

मुख्य नियम असा की पहिला आठवडा वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही. डोकं छातीच्या खाली गेलं की डोळ्यांकडचा दाब वाढतो. आता बाईमाणसाच्या घरातली निम्मी कामं वाकूनच असतात, हे मला आज पहिल्यांदा उमगलं. ओट्याखालच्या ट्रॉलीतलं पातेलं, फ्रिजच्या तळातली भाजी, देव्हारा जमिनीवर, वॉशिंग मशीन पुढून उघडणारं, रांगोळी. रोज लागणारं सगळं कमरेच्या वर आणलं. देव्हारा उचलून टीपॉयवर ठेवला, तेवढ्यावरून अर्धा तास बोलणी खाल्ली.

आणून ठेवलेलं सामान: निर्जंतुक गॉजच्या घड्या, इसबगोल, पॅरासिटामॉल, पुढून बटणं असलेले दोन गाऊन (डोक्यावरून कपडा ओढायचा नाही), मोठा गॉगल, डोळ्यांचे थेंब. केस आदल्या रात्री धुवून घ्यायचे, कारण पुढे काही दिवस चेहऱ्यावर पाणी घ्यायचं नाही.

रात्री कुठे न्यायचं, कुणाला फोन करायचा, हे डॉक्टरांना विचारून भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवलं. त्यांच्या दवाखान्याला रात्री कुलूप असतं, म्हणून ज्या हॉस्पिटलात त्या रात्री येऊ शकतात तिथलं नाव. गाडीत पेट्रोल भरलं. मुलगी पुण्याहून फोनवर हसली, "बाबा, आईला सबस्टेशन केलंत." हसू दे.

आणखी एक केलं. पलंगासमोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलं आणि एकेक डोळा झाकून हिला कुठपर्यंत वाचता येतं ते आधीच लिहून ठेवलं. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी मोठे आकडे स्पष्ट, डाव्याने तिथीची ओळ पुसट. आधीचं माहीत नसेल तर ऑपरेशननंतरचं अंधूक खरं अंधूक आहे की हिचं नेहमीचं, हे कसं कळणार?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बीपी १३४/८२. गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगितली होती. बीपी चढलेलं असतं तर आजही परत पाठवलं असतं.

भूल जागेपुरतीच, सोबत शिरेतून गुंगीचं औषध. वरच्या पापण्यांच्या घडीत टाके, निळा दोरा, केसापेक्षा थोडा जाड. खालच्या पिशव्या पापणीच्या आतल्या बाजूने काढल्या, तिथे बाहेर टाका नाही. संध्याकाळी घरी.

डोळ्यांवर पट्टी नाही, हे बघून शेजारच्या काकूंना काळजी वाटली. पट्टी मुद्दामच नसते. डोळा झाकला तर नजर कमी होतेय हे कुणाला कळायचंच नाही.

येताना मेडिकलमधून मलम घेतलं. चिठ्ठीवर टोब्रामायसिन, म्हणजे साधं अँटिबायोटिक. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं दिलं, "तेच आहे, कंपनी वेगळी." घरी भिंगातून वाचलं तर टोब्रामायसिन आणि खाली बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, म्हणजे सोबत स्टिरॉइड. हिच्या आईला काचबिंदू होता. स्टिरॉइडने काही जणांच्या डोळ्यांचा दाब वाढतो, म्हणून डॉक्टरांनी विचार करून साधं मलम लिहिलं होतं. परत जाऊन बदलून आणलं. नळीवरचं मोठं नाव कंपनीचं असतं, घटक बारीक अक्षरात असतात. तेच वाचायचे.

बर्फाची पहिली व्यवस्था फसली. रबराची पिशवी जड, पापणीवर भार पडतो, झाकणातून पाणी गळून टाक्यांवर येतं. मटारचे दाणे छोट्या पिशव्यांत गोठवले होते. ते आकार धरतात, पण दोन वेळा वापरले की विरघळून लगदा. शेवटी जमलं ते असं: स्टीलच्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी, तो डबा बर्फाच्या पातेल्यात. गॉजची घडी त्यात बुडवून पिळायची, मिटलेल्या डोळ्यांवर नुसती टेकवायची, गरम झाली की बदलायची. दहा-पंधरा मिनिटं, जागेपणी तासातासाला, पहिले दोन दिवस. बर्फ थेट लावायचा नाही. भूल उतरेपर्यंत कातडी बधिर असते, गारठून इजा झाली तरी पेशंटला कळत नाही.

२१ ची रात्र

ही रात्र जागायचीच. पापणीच्या ऑपरेशनात सर्वांत वाईट होऊ शकतं ते म्हणजे डोळ्यामागे रक्त साठणं. फार क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक पहिल्या चोवीस तासांत. मागे जागा बंदिस्त, दाब वाढला की नजरेच्या शिरेचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मग हातात तास-दीड तासच असतो. डॉक्टर टाके उसवून रक्ताला वाट करून देतात. सकाळपर्यंत थांबू म्हणणाऱ्याची नजर जाऊ शकते.

म्हणून दर दोन तासांनी गजर लावून हे बघितलं: दुखणं गोळी देऊनही वाढतंय का; एकाच बाजूला अचानक, टणक, फुगत जाणारी सूज आहे का; डोळा पुढे आल्यासारखा दिसतो का; एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचता येतं का; दोन-दोन दिसतं का; मळमळतंय का. रविवारचे लाल आकडे दोन्ही डोळ्यांना सारखेच लाल दिसतात का, हेही विचारायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. नजरेच्या शिरेवर दाब आला की त्या डोळ्याला लाल रंग फिका दिसतो.

दोनच्या गजराला ही म्हणाली, "उजव्याने काहीच दिसत नाही हो." माझ्या हातातली बॅटरी खाली पडली. मग चार वेळा पापणी मिटून उघडायला सांगितली, गॉजने कडेचं मलम टिपलं. मग आकडे दिसले, लालही दिसला. मलमाचा पडदा होता. मलमाने आलेला धूसरपणा उघडझाप केली की हलतो, टिपलं की कमी होतो. तरी मी फोन केलाच. डॉक्टरांनी दुखणं आणि सूज विचारली, म्हणाल्या, ठीक आहे, पण असाच फोन करत जा. तेव्हापासून क्रम बदलला: आधी कॅलेंडर, मग मलम.

गुलाबी पाणी रात्रभर येत होतं. थोडंसं येणं ठीक. लाल रक्त ठिबकत राहिलं तर नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

उशांची रचना साफ कोसळली. डोकं तीस-चाळीस अंश वर हवं म्हणून तीन उशा लावल्या होत्या. माणूस झोपेत घसरतो, मान दुमडते, डोकं शेवटी सपाट. सकाळी मान धरलेली आणि सूज दुप्पट. माळ्यावरून जुनी कापडी आरामखुर्ची काढली, कापड धुतलं, पायाखाली स्टूल, दोन्ही बाजूंना लोड. त्यातून घसरताही येत नाही आणि कुशीवर वळताही येत नाही. पहिला आठवडा ही त्यातच झोपली. विकतचा उतरता गादीचा तुकडा साडेतीन हजारांना बघून ठेवला होता, ते पैसे वाचले.

टाक्यांवर मलम फार चोपडलं जात होतं. तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. हात धुवून, कापसाच्या काडीने, रेष ओढल्यासारखं. नळीचं तोंड पापणीला लावायचं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकालाचा दिवस. सूजही आज शिखरावर, डोळे फटीएवढे उघडे, निळंजांभळं खाली गालांपर्यंत उतरलेलं. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवसाचं आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. रक्त उतरणीने खाली येतं, त्यामुळे गाल काळेनिळे होणं ठीकच. दोन्ही बाजू साधारण सारख्या आणि नजर शाबूत, एवढं बघायचं.

त्रास झाला तो माणसांचा. टीव्हीवर आकडे, घरात दीर-जाऊ, मोठमोठ्याने वाद, आणि ही त्यात भाग घेणार. मग स्वयंपाकघरातून सुक्या मिरचीची फोडणी. हिला शिंक आली. शिंक दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून सोडायची. एवढं माहीत असूनही सवयीने नाक धरलं गेलं. डाव्या कोपऱ्यातून रक्ताचा थेंब आला, दहा मिनिटं गार घडी धरल्यावर थांबला. त्यानंतर फोडणी, कांदा, झाडू मारणं, उदबत्ती, सगळं हिच्या खोलीपासून लांब. जेवण मऊ: मुगाची खिचडी, दुधी, ताक. रात्री इसबगोल. संडासला कुंथणं हेही दाब वाढवणंच, ही गोष्ट संकोचाने कुणी बोलत नाही.

घरचे उपाय सुचवणाऱ्यांची रांग लागली. वहिनी तूप, शेजारच्या काकू गुलाबपाणी, एक मावसबहीण फोनवर मध आणि कोरफड. सगळ्यांना एकच उत्तर दिलं: डॉक्टरांनी लिहिलेल्याशिवाय डोळ्यात काही नाही. उघडा टाका आणि स्वयंपाकघरातलं तूप, यातून पू व्हायला वेळ लागत नाही.

दुखणं म्हणाल तर पॅरासिटामॉलवर भागलं. वहिनीने पर्समधून काढलेली गुडघ्याची गोळी परत पर्समध्ये ठेवायला लावली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गार घड्या बंद. आता कोमट, दिवसातून तीन-चारदा, तेही विचारून.

पहाटे पाणी प्यायला उठलो तेव्हा आरामखुर्चीतल्या हिच्या दोन्ही पापण्यांमध्ये बारीक पांढरी रेघ दिसली. डोळे झोपेत पूर्ण मिटत नाहीयेत. सुजेमुळे आणि ताणामुळे सुरुवातीला असं होतं, पण नाशिकची नोव्हेंबरची कोरडी थंडी आणि मुळात कमी पाणी असलेले डोळे, यात बुबुळ सुकून ओरखडा पडू शकतो. हिची तक्रार "वाळू गेल्यासारखं" अशी होती, आणि आम्ही ती टाक्यांच्या नावावर खपवत होतो. डॉक्टरांनी रात्री घट्ट जेल आणि दिवसा दर दोन तासांनी थेंब सांगितले. इतक्या वेळा घालायचे तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले, एकेका वापराच्या कुप्यांतले. महाग आहेत, पण साध्या बाटलीतलं प्रिझर्वेटिव्ह दिवसातून आठ-दहा वेळा गेलं तर तेच चुरचुरतं. पंखा बंद, पाण्याचं भांडं खोलीत.

पेशंट झोपल्यावर बॅटरी लांब धरून पापण्यांची फट एकदा बघाच. पेशंटला स्वतःला ती कधीच दिसत नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

टाके काढले. पाच मिनिटांचं काम, चिमटा काढल्यासारखं वाटलं म्हणे. बाहेरच्या कोपऱ्यांवर कागदी पट्ट्या लावल्या, त्या आपोआप गळू द्यायच्या.

डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बाहेरच्या बाजूला, साबुदाण्याच्या खिरीसारखा पाणीदार फुगवटा होता. मला वाटलं जंतुसंसर्ग. पण पू नाही, ताप नाही, कातडी लाल-गरम नाही. डोळ्यावरचं पातळ आवरण सुजलेलं. खालच्या पापणीच्या कामानंतर असं होतं, ओलावा राखला की आठवड्या-दोन आठवड्यांत बसतं. थेंब तेच, जेल दिवसाही एकदा. लालसरपणा वाढत गेला, पू आला, ताप आला तर लगेच या, असं सांगितलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी डावी बाजू उजवीपेक्षा फुगलेली. कालपासून ही पलंगावर झोपायला लागली आहे. आता नऊ दिवसांनी रक्त साठलं की काय, अशी भीती. मी रोज सकाळी आठला, त्याच खिडकीजवळ, गॉगल आणि चष्म्याशिवाय फोटो घेतोय. कालचा आणि आजचा शेजारी ठेवला: फुगवटा मऊ, दुखत नाही, नजर ठीक, आणि डाव्या गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटलेली. डाव्या कुशीवर झोपली होती. दहा वाजेपर्यंत उतरलं.

रोजचा फोटो इथे उपयोगी पडला. नाहीतर रोज बघणाऱ्या माणसाला काल कसं होतं ते आठवत नाही. दोन्ही बाजूंना लोड परत लावले.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. ही महालक्ष्मी मांडणार, याबद्दल वाद नव्हता. वाद मांडणी कुठे, एवढाच. चौरंग जेवणाच्या टेबलावर ठेवला. कलश रिकामा ठेवून मग तांब्याने भरला, भरलेला उचलायचा नाही. रांगोळी जावेने काढली. उदबत्तीऐवजी फक्त निरांजन, तेही हिच्यापासून हातभर लांब. पोथी मुलीने फोनवरून वाचली, कारण बारीक अक्षर वाचताना उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात.

हळदीकुंकवाची अडचण कुणाला सुचली नव्हती. बोटाने लावलेल्या सुक्या कुंकवाची पूड भुरभुरत थेट ताज्या व्रणावर येते. हिने टिकली लावली आणि आलेल्या बायकांना मान हलवून नको सांगितलं. दोघींना राग आला. काजळ, आयलायनर तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बंदच.

जांभळेपणा आता पिवळसर, गालावर फिका. नाक्यावर भाजीवाल्याने मला बाजूला घेऊन "साहेब, बाईंना काय झालं?" विचारलं, तेही अशा आवाजात की मीच मारलं असावं. गॉगल लावून बाहेर पडा, दोघांच्याही अब्रूसाठी.

१२ डिसेंबर, गुरुवार

चालणं परत सुरू, सकाळी उन्हाच्या आधी. दुचाकीवर मागे बसणं अजून नाही, धूळ. व्रणावर ऊन पडलं तर तो काळा राहतो, म्हणून गॉगल आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सनस्क्रीन.

आज ही आरशासमोर रडली. डावी घडी उजवीपेक्षा वर दिसते, पापणीचे केस बधिर, हसलं की ओढतं, "उगाच केलं." पापणीच्या केसांचा बधिरपणा आठवडे-महिने राहू शकतो आणि दोन बाजूंची सूज एका वेगाने उतरत नाही, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि आरशात दिसलेलं यात फरक असतो. या दिवसांत फोटोंचा अल्बम परत दाखवायचा, पण ऑपरेशनआधीचे नाहीत, तिसऱ्या दिवसाचे. मी २३ तारखेचा दाखवला. थोडं हसली, ओढल्याची तक्रार केली.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

डोळे रात्री पूर्ण मिटतात. थेंब दिवसातून तीनदा, तेवढे पुढेही चालूच राहणार. डावा फुगवटा डिसेंबर संपायच्या आत बसला. वरच्या व्रणाची गुलाबी रेघ जवळून दिसते, हातभरावरून नाही. टाक्यांच्या ओळीत दोन पांढरे दाणे आले होते, मोहरीएवढेही नाहीत. हिने नखाने काढायचा प्रयत्न केला, मी हात धरला. डॉक्टरांनी सुईच्या टोकाने एका क्षणात काढले.

खर्च: ऑपरेशन ८०,०००, त्यावर जीएसटी १४,४००. तपासण्या ५,२००. औषधं, थेंब, जेल, गॉज मिळून ६,८००, त्यातला मोठा भाग कुप्यांतल्या थेंबांचा. गॉगल १,१००. बदललेल्या मलमाचे पैसे दुकानदाराने परत दिले नाहीत, पुढच्या खरेदीत वळते केले.

डाव्या वरच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात कातडीची घडी उजवीपेक्षा किंचित जास्त आहे. सहा महिने होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, मे अखेरीस बघू, असं डॉक्टर म्हणतात. हिला मी ऑक्टोबरचे दवाखान्यातले फोटो दाखवले. डावी बाजू तेव्हाही जास्तच होती. मे महिन्याची वेळ तरीही घेऊन ठेवली आहे.